पहिल्या रात्रीचं दुखणं

गुडघा बदलायचं नक्की झालं की ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी घरातलं कुणीतरी मला बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, ‘मॅडम, नंतर दुखू नये म्हणून ते सुयांचं केलं तर चालतंय का?’ मी सोलापुरात भूल देते. पूर्वी हा प्रश्न क्वचित यायचा, आता नेहमीचा झालाय. विचारणारेही दोन तऱ्हेचे. काहींना माझ्या तोंडून ‘हो, हजारो वर्षांची चिनी विद्या आहे’ असं ऐकायचं असतं, काहींना ‘छे, थोतांड आहे सगळं’ असं. मी दोन्ही म्हणत नाही. ऑपरेशननंतरच्या वेदनेवर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो का, यावर बरंच संशोधन झालंय. त्याचं उत्तर या दोन्हींत बसत नाही. आणि ते नीट ऐकलं तर सुईपेक्षा आपल्या वॉर्डांबद्दलच त्यातून जास्त कळतं.

या सगळ्या कुतूहलाची सुरुवात एका अपेंडिक्सपासून झाली. १९७१च्या जुलैत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन चीनमध्ये होते. पोटात कळ आली, पेकिंगच्या एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून उभं राहिलेलं आणि त्या काळात ‘साम्राज्यवादविरोधी रुग्णालय’ असं नाव मिळालेलं हे इस्पितळ. पुढे जगभर बोलबाला झाला की रेस्टनचं अपेंडिक्स सुया टोचून, भूल न देता काढलं. आजही कुणी ना कुणी मला ही गोष्ट तशीच ऐकवतं. रेस्टननी स्वतः लिहिलेलं वेगळंच आहे. ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनाखाली झालं. सुया आल्या त्या दुसऱ्या रात्री, पोट फुगून अस्वस्थ वाटायला लागल्यावर. उजव्या कोपराला आणि गुडघ्यांखाली तीन लांब सुया, शिवाय पोटाजवळ धरलेल्या जळत्या वनस्पतीचा शेक. वीसेक मिनिटांचा कार्यक्रम. तासाभरात पोट हलकं झालं आणि पुन्हा त्रास झाला नाही.

पोटाची ऑपरेशनं बघितलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं ते. भुलीनं आणि हाताळणीनं मंदावलेली आतडी पुन्हा चालू लागतात, वारा सरतो, पेशंटचा चेहरा उजळतो. सुया टोचल्या नसत्या तर त्या रात्री रेस्टनना बरं वाटलं नसतं का? एका माणसाच्या अनुभवावरून हे सांगता येत नाही, रेस्टन कितीही प्रामाणिक असले तरी. नेमकं हे सांगण्यासाठीच तुलनेचा गट लागतो. तसाच ऑपरेशन झालेला, तेवढंच लक्ष मिळालेला, पण खऱ्या सुया न टोचलेला.

चीननं त्या काळात जगाला जे दाखवलं त्यातलं बरंचसं प्रदर्शन होतं. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत पाहुण्यांना ऑपरेशन थिएटरच्या काचेमागे बसवत. आत छाती उघडलेला रुग्ण सुयांवर जागा, शेजारी चहा. पुढे कळलं की अशा ऑपरेशनसाठी रुग्ण निवडून घेतलेले असत, आणि सुयांच्या जोडीला औषधंही असत. भूल म्हणून ॲक्युपंक्चर चीनमध्येच मागे पडलं. भूल देणारी म्हणून मला ते योग्यच वाटतं. माणसाचं पोट उघडताना त्याच्या सहनशक्तीची परीक्षा घेण्याचा हक्क कुणालाही नाही.

सोलापूरकर असल्यामुळे इथे एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३८ साली जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात आमचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते, आणि कोलकात्याचे विजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ साली तिथेच गेले. बसू परतले, पण १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात ही विद्या आणण्याचं श्रेय त्यांना देतात. म्हणजे आपल्याकडे सुई आली ती कुठल्या बाबाबुवाच्या झोळीतून नव्हे, एका शिकल्या-सवरल्या, युद्धात जखमी सैनिकांवर उपचार केलेल्या डॉक्टरच्या बॅगेतून. या वारशाचा मान राखायचा असेल, तर तिची परीक्षाही डॉक्टरी पद्धतीनेच व्हायला हवी.

ती परीक्षा ऑपरेशननंतरच्या वेदनेवर जितकी नीट घेता येते तितकी जुनाट कंबरदुखीवर येत नाही. कारण इथे मोजायला एक पक्की गोष्ट आहे. मोठ्या ऑपरेशननंतर काही इस्पितळांत पेशंटच्या हातात एक बटण देतात. दुखलं की दाबायचं, पंपातून मॉर्फिनचा ठरलेला छोटा डोस शिरेत जातो. लागोपाठ दाबलं तरी मधली काही मिनिटं पंप देत नाही, म्हणून जास्त जाण्याचं भय कमी. कितीदा दाबलं, किती मिलिग्रॅम गेलं, सगळं यंत्रात नोंदलेलं. पेशंट भिडेनं ‘बरंय, बरंय’ म्हणाला तरी पंप भीड धरत नाही. तेव्हा एका गटाला खऱ्या सुया, दुसऱ्याला खोट्या, आणि दोघांचं मॉर्फिन मोजायचं.

२००८ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया’त अशा पंधरा चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या भूलतज्ज्ञांनी केलेला. खऱ्या सुया मिळालेल्यांना पहिल्या चोवीस तासांत सरासरी सव्वाआठ मिलिग्रॅम मॉर्फिन कमी लागलं. मळमळ, गरगरणं, खाज, लघवी अडणं, हे मॉर्फिनचे त्रासही कमी झाले.

सव्वाआठ मिलिग्रॅम म्हणजे किती? पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी तीस-चाळीस मिलिग्रॅम लागणं नवलाचं नाही. त्यातलं आठ. मग त्याच नियतकालिकात २०११ साली आलेला दुसरा हिशेब शेजारी ठेवा. साधं पॅरासिटॅमॉल ठरल्या वेळी देत राहिलं तर चोवीस तासांत साडेसहाच्या आसपास मिलिग्रॅम मॉर्फिन वाचतं, आणि डायक्लोफेनॅकच्या जातीच्या औषधांनी दहाच्या आसपास. सुईचा गुण या दोन्हींच्या मधला. पॅरासिटॅमॉलला कुणी चमत्कार म्हणत नाही आणि थोतांडही म्हणत नाही. सुईबद्दल बोलतानाही आवाज तेवढाच ठेवावा, एवढंच माझं मागणं आहे.

अर्थात पॅरासिटॅमॉलचा आणि सुईचा, दोन्ही आकडे सारखे पक्के नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. पॅरासिटॅमॉलची गोळी आणि पिठाची गोळी दिसायला एकसारखी करता येते. सुईचं तसं नाही. जर्मनीत हायडेलबर्गच्या श्ट्राइटबर्गर यांनी १९९८ साली एक खोटी सुई मांडली. बोथट टोकाची, त्वचेला टेकली की नाटकातल्या खंजिरासारखी मुठीत सरकणारी. पेशंटला फसवता येतं, पण टोचणाऱ्याला ठाऊक असतंच की आपल्या हातात कुठली आहे. त्याच्या बोलण्यातून, नजरेतून ते पेशंटपर्यंत पोहोचत नाही असं छातीठोकपणे कोण म्हणेल? काहींनी रुग्ण भुलीखाली असतानाच सुया टोचून पाहिल्या, म्हणजे त्याला काही कळायचा प्रश्नच नाही. त्या प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. चाचण्या बऱ्याचदा छोट्या, प्रत्येकीत जागा वेगळ्या, कुणी विजेचा प्रवाह जोडलेल्या सुया वापरतो तर कुणी कानात टोचतो. शिवाय १९९८ साली अँड्र्यू व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अवघड गोष्ट दाखवली होती. चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून प्रसिद्ध झालेल्या ॲक्युपंक्चरच्या त्यांनी तपासलेल्या सगळ्याच्या सगळ्या चाचण्या यशस्वी निघाल्या होत्या. कुठलाही खरा उपचार प्रत्येक वेळी यशस्वी होत नाही. अपयशी चाचण्या कुठेतरी कपाटात राहिल्या असणार. जागतिक आरोग्य संघटनेनं एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲक्युपंक्चरनं सिद्ध गुण येणाऱ्या विकारांची यादी छापली, त्यात ऑपरेशननंतरचं दुखणंही होतं. ती यादी आज कितीतरी दवाखान्यांच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली दिसते. अशा पायावर उभी यादी भिंतीवर लावण्याइतकी पक्की नाही.

शरीरात काही घडतच नाही असं मात्र नाही. १९७६-७७च्या सुमारास दिसून आलं की मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलोक्सोन दिलं तर सुयांनी आलेला बधिरपणाही उतरतो, म्हणजे शरीर स्वतःचंच मॉर्फिनसारखं द्रव्य, एंडॉर्फिन, सोडत असावं. पेकिंगच्या हान जिशेंग यांनी यावर आयुष्य घातलं. पण लगेच, १९७८ साली, दाढ काढलेल्या रुग्णांवरच्या एका प्रयोगात दिसलं की नुसत्या ‘औषध दिलंय’ या भरवशानं कमी झालेलं दुखणंही नॅलोक्सोननं परत येतं. तेव्हा एंडॉर्फिनचं नाव घेतलं म्हणून सुईचं वेगळेपण सिद्ध होत नाही. भरवसाही त्याच वाटेनं काम करतो.

एका बाबतीत मात्र मी निःशंक आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून पेशंटच्याच तीन बोटांच्या अंतरावर, दोन कंडरांच्या मधोमध एक जागा आहे. तिथे टोचलं किंवा दाबलं तर ऑपरेशननंतरची मळमळ आणि ओकारी कमी होते. ५९ चाचण्या, ७,६६७ माणसं, चाचण्यांचे असे एकत्रित हिशेब काढणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१५चा आढावा. उलटीच्या औषधांच्या जवळपास गुण. मी पेशंटच्या मुलीला किंवा सुनेला ती जागा दाखवते आणि दाबायला सांगते. पैसा लागत नाही, आणि पोटावर टाके असताना ओकारीच्या उमाळ्यानं जीव कसा कासावीस होतो हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं.

आता आपल्या वॉर्डांकडे येते.

परदेशातल्या या चाचण्यांत दोन्ही गटांना नेहमीची औषधं मिळतात. सुई त्यावर आणखी काय देते एवढंच बघायचं असतं. आपल्याकडे मुळात तो पायाच नाही. केसपेपर उघडा. अँटिबायोटिकपुढे वेळ लिहिलेली असते, सकाळी आठ, रात्री आठ. दुखण्याच्या औषधापुढे लिहितात ‘एसओएस’, म्हणजे लागल्यास. लागलं हे कोण ठरवणार? पेशंटनं कण्हत हाक मारायची, नातेवाइकानं सिस्टरचं टेबल गाठायचं, चाळीस खाटांमागे एकट्या असलेल्या सिस्टरनं हातातलं काम टाकून यायचं. अक्कलकोटकडची एक मावशी, पिशवीचं ऑपरेशन झालेली, रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळी मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘लई दुखालंय बाई, पण सगळ्यांचंच दुखतंय की, आपण एकटीनं काय ओरडायचं.’ नाडी, ताप, रक्तदाब, श्वास, चारही रकाने भरलेले होते. दुखण्याला रकानाच नव्हता.

पुस्तकात शून्य ते दहाचं माप आहे. इथल्या म्हाताऱ्यांना ते जमत नाही, पण रुपया-आण्यांत विचारलं की चटकन सांगतात. ‘काल सोळा आणे होतं, आता सहा आणे राहिलंय.’ एकदा विचारून बघा, किती नेमकं उत्तर येतं. खोकताना किती, कुशीवर वळताना किती, हेही वेगवेगळं सांगतात. आणि खोकताना न दुखणं फार महत्त्वाचं, कारण दुखतंय म्हणून खोकला दाबला की छातीत कफ साठतो, पुढे न्यूमोनिया.

मॉर्फिनची कथा तर लाजिरवाणी आहे. आपला देश कायदेशीर अफू पिकवतो, मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं कागदपत्रांचा असा डोंगर उभा केला की छोट्या इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा सैल झाला, सवय झाली नाही. अमेरिकेत लोक ओपिऑइडच्या, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधांच्या, अतिरेकानं मेले म्हणून तिथे सुयांचा विचार जोमानं सुरू झाला. त्यांची अडचण जास्तीची, आपली कमतरतेची. तिथलं ‘औषध कमी करा’ हे वाक्य उचलून आपल्या वॉर्डात चिकटवणं हा पेशंटवर अन्याय आहे.

औषध असलं तरी ते कसं दिलं जातं यालाही महत्त्व आहे. त्याबाबत तुरीनच्या बेनेदेत्ती यांचे प्रयोग मला फार मोलाचे वाटतात. छातीच्या ऑपरेशननंतर काही रुग्णांना वेदनाशामक औषध डॉक्टरनं खाटेशी येऊन, सांगून दिलं. काहींना तेच औषध पेशंटला न कळता यंत्रानं दिलं. गुपचूप दिलेल्यांना तेवढाच आराम पडायला जास्त डोस लागला. औषध तेच, शिरा त्याच. फरक कुणीतरी शेजारी उभं राहून ‘आता बरं वाटेल हं’ म्हणण्याचा. ॲक्युपंक्चर करणारा पेशंटजवळ वीस मिनिटं बसतो, कुठे दुखतंय विचारतो, हात लावतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री आपल्या वॉर्डात दुसरं कुणी वीस मिनिटं बसतं का? मग सुईनं बरं वाटलं असं पेशंट म्हणाला तर त्यातलं सुईचं किती आणि बसण्याचं किती, हे वेगळं काढता येणं कठीण आहे. पेशंटला दोन्ही मिळो, माझी हरकत नाही. पण बसण्याचे पैसे सुईच्या नावावर ‘पॅकेज’ म्हणून लावले जातात तेव्हा हरकत आहे.

आणि एका ठिकाणी सक्त विरोध आहे. एक तरुण, नडगीचं हाड मोडून सळई घातलेला. संध्याकाळपासून पाय वाढत्या मानानं दुखत होता. इंजेक्शन देऊनही फरक नाही. घरच्यांनी गल्लीतल्या ओळखीच्या सुईवाल्याला बोलावण्याची तयारी केली होती. रात्रपाळीच्या सिस्टर जुन्या होत्या. त्यांनी काही न बोलता पेशंटच्या पायाचा अंगठा हलकेच वर वाकवला. पोरगा किंचाळला. त्यांनी तिथूनच हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. नडगीतल्या स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढत होता, रक्त पोहोचत नव्हतं. तासाभरात कातडी आणि आवरण चिरून दाब सोडवला, पाय वाचला. ऑपरेशननंतर दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. ते वाढत असेल, औषधाला जुमानत नसेल, तर आत काहीतरी बिघडलंय. आतड्याची शिवण सुटली असेल, रक्त साठलं असेल. अशा वेळी आधी सर्जन, मग बाकी सगळं. सांधे बदललेल्यांना रक्त पातळ ठेवण्याची औषधं चालू असतात, त्यांना खोल सुया टोचण्याआधी विचारलंच पाहिजे. पेसमेकर असलेल्याला विजेच्या सुया नकोत. छातीवर बेतानं, कारण फुप्फुसाला टोक लागून हवा साठल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

महाराष्ट्रानं ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, परिषद नेमली. नोंदणी, अभ्यासक्रम, हे सगळं ठीक. पण परवाना देणाऱ्या राज्यानं पुरावा उभा करण्याची जबाबदारीही घ्यायला हवी, आणि ते अवघड नाही. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डमध्ये सिझेरियन झालेल्या १८० बायकांवर एक चाचणी झाली, २०२२ साली प्रसिद्ध झाली. तीन गट: खऱ्या सुया, खोट्या सुया, नुसती नेहमीची औषधं. खऱ्या सुयांच्या गटात पहिल्या दिवशी हालचाल करताना दुखणं कमी होतं आणि जवळजवळ सगळ्याजणी उठून चालू लागल्या होत्या. आपल्या सरकारी रुग्णालयांत सिझेरियन रोजचीच आहेत. बाई तरुण असते, तिला बाळाला पाजायला कुशीवर वळायचं असतं, आणि मॉर्फिन जितकं कमी तितकं बरं. इतकी चोख जागा दुसरी नाही.

फक्त चाचणीचा क्रम मी असा ठेवीन. पहिले सहा महिने सुई नाहीच. पॅरासिटॅमॉल आणि डायक्लोफेनॅक घड्याळ लावून, ‘एसओएस’ खोडून, आणि नाडी-तापाच्या तक्त्यावर दुखण्याचा पाचवा रकाना, हवं तर आण्यांत. त्यानंतर तीन गट पाडायचे, सुया नोंदणीकृत माणसानं टोचायच्या, एकदाच वापरून फेकायच्या, आणि मोजणारी सिस्टर वेगळी ठेवायची, जिला कुणाला काय टोचलंय ते ठाऊक नाही. मोजायचं ते इतकंच: वरून जादा वेदनाशामक, म्हणजे ट्रॅमाडॉल, किती लागलं, बाई पहिल्यांदा किती तासांनी उठली, बाळाला कधी घेतलं, वळताना किती आणे दुखलं. निकाल काहीही लागो, परिषदेनं तो मराठीत छापायचा. विरुद्ध गेला तरी.